गुडघाभर पेंढा

डोंबिवलीहून गुणाजी पेंढ्याच्या दोनच गाड्या घेऊन आला, आणि त्या दिवसापासून कल्याणच्या फणशांच्या घरात कोणी कोणाशी धड बोलेना.

दरसाल पौषात पाच गाड्या यायच्या. मळणी झाली की भात अर्धं मालकाचं, अर्धं गुणाजीचं. पेंढा सगळा मालकाचा, असं मालकांना वाटे. गुणाजीला काय वाटे ते त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"बाकीच्या तीन गाड्या?" श्रीपादरावांनी ओटीवरून विचारलं.

"गेल्या."

"कुठे?"

"घाटावं." गुणाजीने टेशनाच्या दिशेने हात केला. "यापारी खल्यावरच येऊन बसला, दादा. हजार पेंढ्यांना अकरा रुपये, रोख. गेल्या साली तीनाला कोन इचारीत नव्हता."

"तो पेंढा आमचा होता."

"भात अर्धा तुमचा, तो दिला. पेंढ्याचा कागुद कुटं हाय तो दाखवा. मी गारी मागं वलवतो."

कागद नव्हता. तीस वर्षं ठाण्याच्या कचेरीत शिरस्तेदारी करून, साऱ्या जिल्ह्याचे कागद तपासून पेन्शनीत निघालेल्या श्रीपादरावांच्या स्वतःच्या घरात पेंढ्याचा एक कागद निघू नये, ही गोष्ट त्यांना पेंढ्यापेक्षा लागली. त्यांनी गाड्या उतरवून घेतल्या आणि धाकट्या भावाला, वकिली करणाऱ्या भाऊला, ठाण्याहून बोलावणं धाडलं.

माजघराच्या दाराआड तांदूळ निवडत बसलेल्या सगुणेने हे सगळं ऐकलं. ती सगळ्यांत धाकट्या सहदेवची बायको. माहेर देशावर, दौंडच्या पुढे. यंदा, शके सतराशे अठ्ठ्याण्णवात, तिकडे मृगाचा एक शिडकावा झाला तो झाला. पुढे आभाळ कोरडं राहिलं. आठच दिवसांपूर्वी तिच्या वडिलांचं, महिपतरावांचं, पत्र आलं होतं. पत्रात सर्वांची खुशाली होती, मुलांना आशीर्वाद होते, आणि शेवटी एका ओळीत होतं की सहा बैलांपैकी दोन उरले आहेत, घरावरचं शाकारलेलं गवत काढून त्यांना घालतो आहे, तेही फार दिवस पुरणार नाही. पेंढा पाठवा असं त्यांनी लिहिलं नव्हतं. मुलीच्या सासरी काही मागायचं नसतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नव्हतं.

तो पेंढा ज्याच्यासाठी येत असे तो पाहुणा परसातल्या पागेत उभा होता.

श्रीपादरावांच्या शेवटच्या साहेबाने विलायतेला जाताना आपला पांढरा घोडा त्यांना बक्षीस दिला होता. घोडा मागच्या उजव्या पायाने किंचित लंगडत असल्यामुळे बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, ही हकीकत कचेरीत सगळ्यांना ठाऊक होती, फक्त ती श्रीपादरावांसमोर कोणी काढत नसे. घोड्याचं नाव प्रिन्स. ठमाबाई, श्रीपादरावांच्या पत्नी, त्याला पिरंशा म्हणत. श्रीपादराव त्याच्यावर एकदाच बसले होते आणि लगेच उतरले होते. निदान ते स्वतः उतरले असं म्हणत. पण साहेबाने जाताना घोडा कसा राखावा याच्या सात कलमांचा कागद लिहून दिला होता. त्याचं त्यांनी मराठी भाषांतर मोडीत लिहून ते पागेच्या दाराला चिकटवलं होतं. पहिलंच कलम होतं: जनावराच्या खाली गुडघाभर कोरडा पेंढा असावा व तो रोज बदलावा.

ज्या गृहस्थाने जन्मात स्वतःची वळकटी गुंडाळली नव्हती, तो रोज सकाळी धोतर खोचून घोड्याचं अंथरूण घाली. काल घातलेला पेंढा परसाच्या कोपऱ्यात पडे. ठमाबाई तो उचलून आपल्या तीन म्हशींखाली पसरत, आणि तिथून तो शेणामुताने भिजून शेतात जाई. म्हणजे वाया काही जात नसे, असं श्रीपादराव म्हणत. खाण्याची वस्तू तीन वेळा अंथरली जाते, हे सगुणेने अकरा वर्षं पाहिलं होतं आणि तिला त्यात कधी काही वावगं दिसलं नव्हतं. यंदा मात्र पागेवरून जाताना ती मान फिरवून घेई.

रविवारी भाऊ आले. बरोबर कागदांची चळत होती, कारण ते ठाण्याच्या दुष्काळ निवारण मंडळीचे चिटणीस झाले होते आणि पुढच्या रविवारी त्यांना भाषण करायचं होतं. भाषणाचा विषय 'देशबांधवांप्रती आपलं कर्तव्य' हा होता. तीनही भाऊ ओटीवर बसले. ठमाबाई उंबऱ्याच्या आत, सगुणा त्यांच्यामागे.

"दादा," भाऊ म्हणाले, "भाव अकरा आहे. फाल्गुनात पंधरा होईल. नवा आणि मागच्या सालचा मिळून आपल्या गंजीत दोन हजार पेंढ्या आहेत. या घटकेला त्या अंथरणं म्हणजे शालजोडीनं ओटी पुसण्यासारखं आहे. व्यापाऱ्याला द्या. घोड्याखाली आंब्याचा पालापाचोळा घाला."

"प्रिन्स पालापाचोळ्यावर झोपणार नाही."

"त्यानं असं सांगितलं का?"

"साहेबांनी लिहून दिलं आहे. कोरडा पेंढा. पालापाचोळा असा शब्द त्या कागदात नाही." श्रीपादरावांनी सुपारी कातरली. "आणि काय रे, येत्या रविवारी तू दुष्काळावर बोलणार, आणि आज दुष्काळाचा भाव घेऊन विकायला सांगतोस?"

"विकलेला पेंढाही देशावरच जातो. तिथली गुरं तो खातात. आपल्याला पैसे मिळतात, त्यांना चारा मिळतो. यात नुकसान कोणाचं?"

"ज्यांच्याजवळ अकरा रुपये नाहीत त्यांचं," सहदेव म्हणाला.

दोघे वडील भाऊ त्याच्याकडे वळले. सहदेव कल्याण टेशनावर मालाच्या गोदामात कारकून होता आणि घरच्या बैठकीत तो बोलेल अशी कोणाची अपेक्षा नसे. रोज त्याच्या डोळ्यांदेखत मालगाडीच्या वाघिणी पेंढ्याने भरभरून घाट चढत होत्या, आणि परतीच्या गाड्यांतून पोटाला फडकी बांधलेली माणसं उतरत होती.

"मी म्हणत होतो," त्याने घसा साफ केला, "दौंडला आमच्या सासऱ्यांकडे थोडा पेंढा पाठवावा. दोनच बैल उरलेत. पाठवणीची व्यवस्था मी करीन."

दाराआड सगुणा पुढे सरकली. रात्री तिने त्याला हे तीनदा सांगितलं होतं आणि तिन्ही वेळा तो 'बघू' म्हणाला होता.

श्रीपादरावांनी सुपारी तोंडात टाकली आणि ती चांगली चघळून झाल्यावर म्हणाले, "दान सत्पात्री असावं, सहदेव. सोयऱ्याला दिलेलं दान हा आहेर होतो. आहेराचा प्रसंग सध्या नाही."

"आणि मी मंडळीचा चिटणीस," भाऊ म्हणाले. "माझ्या घरातून पेंढा निघाला आणि तो आमच्याच व्याह्यांकडे गेला, तर लोक काय म्हणतील? निःपक्षपात ही मोठी गोष्ट आहे."

अर्ध्या घटकेपूर्वी एकमेकांवर उठलेले दोघे भाऊ सहदेवविरुद्ध असे सहज एक झाले. तेव्हा आतून ठमाबाई बोलल्या. नवऱ्याला उद्देशून बोलायचं असलं की त्या खांबाकडे पाहून बोलत.

"पिरंशा दूध देत नाही, नांगर ओढत नाही, गाडीला लागत नाही. त्याला गादी. माझ्या म्हशी दोन वेळा कासंडी भरतात, त्यांना त्याची शिळी चादर. द्यायचाच असेल तर त्याच्या वाटचा द्यावा, सगुणेच्या माहेरी धाडावा. मी म्हणते, काय बिघडलं?"

सगुणेला वाटलं, जाऊबाईंचे पाय धरावेत. पण भाऊ वकील होते.

"वहिनी, हिशोब सरळ आहे. घोड्याचा पेंढा गेला की शिळी चादरही गेली. मग म्हशींखाली काय घालणार?"

ठमाबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खांबाला म्हणाल्या, "तेही खरंच. म्हशी ओल्यात बसल्या तर सडं दुखतात. माहेरचं काय, ज्याचं त्यानं बघावं."

इतकं झालं तेव्हा पानं वाढायची वेळ झाली होती.

सगुणा पानांवर मीठ वाढत होती आणि तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. या घरात दया मागून काही मिळत नाही. मग इथे मिळतं कशाने? अकरा वर्षांत तिने पाहिलेले प्रसंग तिने एकेक आठवले. तळ्याकाठच्या देवळाची घंटा श्रीपादरावांनी दिली होती ती शेजारच्या दिघ्यांनी समई दिल्यावर. भाऊंनी वाचनालयाला पुस्तकं दिली ती नावाची पाटी लागणार असं ठरल्यावर.

दीर-भासऱ्यांशी थेट बोलण्याची रीत नव्हती. त्यांना ऐकवायचं ते जावेला सांगायचं. भात वाढताना ती ठमाबाईंना म्हणाली, पण आवाज जेवणाऱ्यांना ऐकू जाईल एवढा ठेवून, "जाऊबाई, ऐकलंत का? शेजारचे दिघे म्हणे ठाण्याच्या मंडळीला पाचशे पेंढ्या देणार."

हे तिला आताच सुचलं होतं. दिघ्यांनी पाच पेंढ्यासुद्धा द्यायचं मनात आणलं नव्हतं.

श्रीपादरावांचा घास हातात राहिला. "भाऊ, दिघे?"

भाऊंना काही ठाऊक नव्हतं. पण चिटणिसाला ठाऊक नाही असं कसं म्हणायचं? "तशी... बोलणी चालली आहेत," ते म्हणाले.

"तुमच्या मंडळीची देणगीदारांची यादी होते का?"

"होते ना. छापणार आहोत."

"कलेक्टरसाहेबांपुढे जाईल?"

"पहिली प्रत त्यांनाच."

श्रीपादरावांनी भातात आमटी कालवली. घोड्याचं अंथरूण आणि कलेक्टरसाहेबांच्या टेबलावरची यादी, ही दोन पारडी त्यांच्या डोळ्यांपुढे वरखाली होत असताना सगळ्यांना दिसली. "माझ्या नावे सहाशे लिही," ते म्हणाले.

"दादा, गंजी सामाईक आहे," भाऊ हळूच म्हणाले. "तुमच्या एकट्याच्या नावे सहाशे लिहिल्या तर चिटणिसाच्या नावापुढे काय? पूज्य? सहाशे तुमच्या, तर माझ्याही सहाशे."

"तू तर आत्ता विकायला सांगत होतास."

"विचारांती माणसाचं मत बदलतं."

"मग माझ्या सातशे."

"मग सातशेच राहतात," ठमाबाई ताक वाढता वाढता म्हणाल्या, "आणि त्यात माझ्या म्हशी आहेत. आठशेच्या खाली मी गंजी जाऊ द्यायची नाही." शेवटी दोघांच्या सहा-सहाशे ठरल्या. उरलेल्या आठशेंत अर्धा वाटा घोड्याचा, अर्धा म्हशींचा.

सहदेवने आपल्या बायकोकडे पाहिलं. ती खाली मान घालून लिंबाची फोड वाढत होती. त्याने पान संपवलं, तोंड पुसलं आणि अकरा वर्षांत दुसऱ्यांदा बैठकीत बोलला.

"दौंडला उतरवून घ्यायला माणूस लागेल. विश्वासाचा. नाहीतर टेशनातच वाटे पडतात, मी रोज बघतो. सासरे आहेत तिथे. त्यांच्या हातून गावात वाटला तर पेंढीला पेंढी पोचेल."

यात आहेर नव्हता, उलट कष्ट होते, आणि तेही दुसऱ्याचे. दोघा भावांनी एकमताने मान्यता दिली. बुधवारी बाराशे पेंढ्या टेशनावर गेल्या. त्या बांधायला गुणाजीच आला होता. "फुकट देता?" त्याने सहदेवला विचारलं, आणि हो म्हटल्यावर तो दोर आवळत राहिला. जाताना त्याने आपल्या गाडीतल्या वीस पेंढ्या वर टाकल्या. त्याचं नाव यादीत घालायचं कोणाला सुचलं नाही, आणि त्यालाही नाही.

त्या पंधरवड्यात सगुणा घरात हलकी हलकी फिरत होती. परसातून जाताना एकदोनदा तिने घोड्याच्या नाकावरून हातसुद्धा फिरवला. बाराशेंतून वडिलांच्या वाट्याला शंभर तरी येतील. दोन बैलांना महिना निघेल. तोवर काहीतरी होईल.

माघाच्या अखेरीस महिपतरावांचं पत्र आलं. ते श्रीपादरावांच्या नावे होतं, म्हणून ओटीवर मोठ्याने वाचलं गेलं. भाऊ त्या दिवशी मंडळीच्या कामासाठी आलेलेच होते. पेंढा पोचला होता. महिपतरावांनी एकोणतीस घरांना तो मोजून वाटला होता, प्रत्येकाचा अंगठा घेतला होता. उभयता बंधूंच्या औदार्याची गावात वाखाणणी चालली होती. श्रीपादरावांनी ते वाक्य दोनदा वाचलं. पुढे लिहिलं होतं: 'मंडळीच्या नियमांतील चौथ्या कलमाप्रमाणे वाटणाऱ्याने अथवा देणगीदारांच्या आप्तांनी त्यातील काही घेऊ नये असे असल्याने आम्ही घेतले नाही. बरोबर पंचवीस पेंढ्या उरल्या त्या गावच्या वळूस घातल्या. आमचे दोन्ही बैल अजून आहेत. डाव्याला उठवावे लागते.'

"चौथं कलम कोणतं?" सहदेवने विचारलं.

"ते मीच घातलं," भाऊ म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. "कोणाला बोट दाखवायला जागा नको. आणि बघा, माणूस कसा बाणेदार निघाला."

"खानदानी माणूस," श्रीपादराव म्हणाले. "हे पत्र जपून ठेवलं पाहिजे. यादीच्या मागे छापता येईल का रे?"

सगुणा आत उभी होती. तिच्या हातात सूप होतं. ते तिने खुंटीला नीट अडकवलं, पदर कमरेला खोचला आणि ती मागच्या दाराने परसात गेली.

पागेत घोडा गुडघाभर पेंढ्यात उभा होता. तो सकाळचाच, ताजा, सोनेरी पेंढा होता; मधला थोडा तुडवलेला, कडेचा कोराच. सगुणा वाकली आणि कडेपासून पेंढा उचलायला लागली. घोड्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि पाय बदलला. तिला घोड्याची भीती वाटायची, पण ते तिच्या लक्षात पुष्कळ वेळाने आलं, तेव्हा ती त्याच्या पोटाखालून पेंढा ओढत होती.

सहदेव मागोमाग आला. दारात थांबला. "दादांना विचारलंस?"

"तुम्ही विचारा," ती म्हणाली. "तोवर मी काढते."

तो तिथेच उभा राहिला. ओटीवर जायला त्याला वीस पावलं होती. त्याने दाराला चिकटवलेली सात कलमं वाचली, जणू प्रथमच वाचतो आहे. मग अंगरखा काढून कुडाला लावला आणि तोही वाकला. बांधायला त्याला येईना. मालाच्या गोदामात आयुष्य गेलं होतं, पण गाठी नेहमी दुसऱ्यांनी मारल्या होत्या. दुपारी गुणाजी वांगी घेऊन आला, त्याने हे पाहिलं, टोपली खाली ठेवली आणि पेंढा गुडघ्याखाली दाबून वळायला बसला.

"घोऱ्याचा काय करनार?" त्याने विचारलं.

"उभा राहील," सगुणा म्हणाली.

गंजीतला घोड्याच्या वाटचा पेंढाही त्यांनी खाली ओढला. ठमाबाई म्हशींना पाणी दाखवायला आल्या तेव्हा परसात तीनशेच्या वर पेंढ्यांचे भारे पडले होते. त्या हंडा कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. सगुणेच्या केसांत काड्या होत्या, तळहात सोलवटले होते, आणि ती ठमाबाईंकडे बघतही नव्हती.

"आणि उद्यापासून माझ्या म्हशींखाली काय?" ठमाबाईंनी विचारलं.

सगुणा पुढचा भारा ओढत राहिली.

ठमाबाईंनी हंडा खाली ठेवला. "सगुणे, मी त्या दिवशी बोलून फिरले," त्या म्हणाल्या. "तोंडात आलं तसं बोलले. म्हशींच्या वाटच्या शंभर त्यात टाक. चिखलात बसायची त्यांना हौसच असते."

श्रीपादराव आले ते दुपारची झोप आटोपून, हातात घोड्यासाठी गुळाचा खडा घेऊन. मागे भाऊ. पागेची जमीन उघडी पडली होती. त्यांनी ती पाहिली, भारे पाहिले, आणि घरच्या तिन्ही माणसांकडे पाहिलं. गुणाजीला त्यांनी पाहिलं नाही. या प्रसंगी त्याला पाहिलं असतं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं.

"हे काय चाललं आहे?"

तेव्हा सगुणा उभी राहिली. तिने पदर डोक्यावर घेतला, पण जावेकडे तोंड केलं नाही, खांबाकडेही नाही. अकरा वर्षांत प्रथमच ती भासऱ्यांशी थेट बोलली.

"दादा, माझ्या वडिलांचा बैल आडवा पडला तर परत उठायचा नाही. घोडा उभ्यानं झोपतो. मी पुष्कळदा पाहिलंय. तो या पेंढ्यावर कधी बसतच नाही."

श्रीपादरावांनी घोड्याकडे पाहिलं. तो डोळे अर्धे मिटून, तीन पायांवर भार देऊन, उघड्या जमिनीवर उभ्याउभ्या डुलक्या घेत होता. अकरा वर्षं त्यांनी त्याचं अंथरूण घातलं होतं. तो त्यावर झोपलेला त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. ते स्वतःच लवकर झोपत.

"हा दंडक मोडला," भाऊ मागून म्हणाले. "आणि चौथ्या कलमाचं काय? चिटणिसाच्या घरातून, आप्ताला..."

"हा मंडळीचा पेंढा नाही," सहदेव म्हणाला. आवाज त्याचाच होता, फक्त घसा साफ केलेला नव्हता. "पावती माझ्या नावे फाडणार आहे. माल खासगी. नोंद 'वापरलेलं अंथरूण' अशी करीन, खोटं काही नाही त्यात. भाऊ, तुमचं कलम अंथरुणाला लागू आहे का, ते कायद्यात बघून सांगा."

भाऊ खरोखरच विचारात पडले.

श्रीपादरावांनी गुळाचा खडा घोड्याला दिला. रागवावं तर गडीमाणसासमोर घरची शोभा, माघार घ्यावी तर तीच. तीस वर्षांच्या नोकरीत असे प्रसंग त्यांच्यावर अनेक आले होते आणि त्यातून निघायची एकच वाट त्यांना माहीत होती. त्यांनी काठीचं टोक एका भाऱ्याला लावलं.

"गुणाजी, ही गाठ ढिली आहे," ते म्हणाले. "घाटात वारा असतो. नीट आवळ. मी पाठवतो आहे म्हटल्यावर सांडता कामा नये."

"व्हय, दादा," गुणाजी म्हणाला आणि चांगली आवळलेली गाठ सोडून पुन्हा मारली.

यादी चैत्रात छापून आली. तीत श्रीपादरावांचं नाव तिसरं होतं आणि भाऊंचं चौथं. दिघ्यांचं नाव नव्हतं, आणि त्यांच्या पाचशे पेंढ्यांची बातमी तोवर गावभर झाली होती, यामुळे दिघे पुढे वर्षभर फणशांशी बोलले नाहीत. सगुणेने मात्र त्यांच्या घरी दर संक्रांतीला स्वतः तिळगूळ नेला. घोड्याला पालापाचोळ्याची सवय चार दिवसांत झाली. श्रीपादराव तो त्याला रोज सकाळी स्वतः पसरत आणि हे साहेबांच्या कलमाचं देशी रूपांतर आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सहदेवने उन्हाळ्यात आणखी दोन खेपा धाडल्या, तेव्हा त्याला कोणी काही विचारलं नाही.

देशावर आषाढातही पाऊस आला नाही. तो भाद्रपदात आला. पितृपक्षात महिपतरावांचं पत्र आलं, या वेळी सगुणेच्या नावे. ती ते स्वयंपाकघरात वाचत होती. श्रीपादराव पाणी प्यायच्या निमित्ताने दारात आले आणि तिथेच रेंगाळले. मोठ्याने वाच, असं म्हणणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. सगुणेने ते आपण होऊन वाचलं.

डावा बैल ज्येष्ठात गेला होता. उजवा उभा होता. शेजारच्या सुताराचाही एकच बैल वाचला होता, तो मंडळीच्या पेंढ्यावर. दोघांनी आपापला एक बैल घालून जोडी केली, तिने आधी सुताराची ज्वारी पेरली, मग महिपतरावांची, आणि आता ती जोडी पाळीपाळीने साऱ्या आळीची रानं काढते आहे. 'दोघे आता एका दावणीला बांधतो,' महिपतरावांनी लिहिलं होतं. 'वेगळे केले तर हंबरतात.'

सगुणेने पत्राची घडी घातली. गेलेल्या बैलाला तिने लहानपणी भाकरी चारली होती. तिने डोळे पुसले आणि चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

श्रीपादरावांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "त्या जोडीतला," त्यांनी विचारलं, "आपल्या घरच्या पेंढ्यावर जगलेला नेमका कोणता?"

"दोन्ही, दादा," सगुणा म्हणाली. "एक यादीतल्या पेंढ्यावर, एक यादीबाहेरच्या."

"हो, पण आपला म्हणावा असा कोणता?"

ठमाबाई पाटावर बसून नारळ खोवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही आणि खांबाकडेही पाहिलं नाही.

"दुसऱ्याबरोबर मुकाट्यानं एक नांगर ओढताहेत ना," त्या म्हणाल्या, "मग त्यातला आपल्या घरचा एकही नव्हे."